सातवा तालुका

कसबा बावड्यात बुद्धभूषणचं घर विचारताना नुसतं नाव सांगून भागत नसे. त्या एका गल्लीत त्या नावाचे तिघे होते. 'कॉम्प्युटरवाला' म्हटलं की मात्र कुणीही दारापर्यंत आणून सोडायचं. त्याचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. हंगामभर घरी आल्यावर घामाचा शर्ट दोरीवर टाकत ते एकच सांगायचे, "तू सावलीतली नोकरी बघ." बुद्धभूषणनं ती बघितली. बी.कॉम. झाल्यावर राजारामपुरीतल्या एका क्लासात वर्षभर कॉम्प्युटर शिकला आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत स्टोअरच्या कॉम्प्युटरवर चिकटला. बाहेर भट्टीची धग असायची, आत कॉम्प्युटरसाठी म्हणून लावलेला गारवा असायचा. कॉम्प्युटरच्या पुण्याईनं माणसाला थंड बसायला मिळतं, असं तो हसून म्हणायचा.

रक्तदाता मंडळाशी त्याची गाठ पडली ती जयंतीच्या रक्तदान शिबिरात. मंडळाचे आण्णा म्हणजे निवृत्त हायस्कूल मास्तर. सायकलवरून गावोगाव हिंडून त्यांनी रक्त देणाऱ्यांची नावं जमवली होती. लक्ष्मीपुरीत एका धान्याच्या दुकानावरची खोली हे त्यांचं ऑफिस. खोलीत दोन कपाटं फॉर्मनी भरलेली. कुणाला रक्त लागलं की आण्णा कपाट उघडून बसायचे आणि जीभ ओली करून करून कागद उलटायचे. ते बघून बुद्धभूषण म्हणाला, "आण्णा, ह्याचं मी काहीतरी करतो."

एका व्यापाऱ्यानं जुना कॉम्प्युटर मंडळाला दिला. बुद्धभूषणनं संध्याकाळी नोकरी सुटल्यावर तिथं बसून, डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा महिन्यांत एक प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक तालुक्याची एक फाईल. रक्तगट टाकायचा, बटण दाबायचं, की प्रोग्रॅम सगळ्या फायली एकदम उघडून नावं पडद्यावर आणायचा. एक पैसा घेतला नाही. नावं भरायला श्रुती नावाची एक मुलगी ठेवली. ती कॉलेज करून दुपारी यायची. पहिल्यांदा 'ओ निगेटिव्ह' टाकल्यावर चौदा नावं सरसर खाली आली, तेव्हा आण्णांनी चष्मा काढून पुसला होता.

१९९८ च्या उन्हाळ्यापर्यंत सहा तालुके भरून झाले होते. करवीर, हातकणंगले, पन्हाळा, शिरोळ, गडहिंग्लज, शाहूवाडी. मे महिन्यात श्रुतीनं कागल भरायला घेतलं. हा सातवा. जूनमध्ये तिचा फौंड्रीत फोन आला.

"दादा, शोध लावला की मधेच अडकतंय. पडदा तसाच राहतोय, काहीच हलत नाही."

"बंद करून चालू कर."

"केलं. मग चालतंय. पण परत सगळ्या फायली उघडायला गेलं की अडकतंय."

"येतो मी रविवारी."

त्या रविवारी चुलतभावाचं लग्न होतं. पुढच्या रविवारी फौंड्रीत स्टॉक मोजायचा होता. तिसऱ्या रविवारी तो घरी होता आणि झोपला. ही तिसऱ्या रविवारची झोप पुढं त्याच्या मनातून कधी गेली नाही. दुपारी जेवून आडवा झाला होता, उठला तेव्हा उन्हं उतरली होती, बायको सोनम म्हणाली होती, "लक्ष्मीपुरीला जाणार होता न्हवं?" आणि तो म्हणाला होता, "आता कुठं जाऊ."

मंगळवार, एकवीस जुलै. दुपारी साडेबाराला श्रुतीचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

पेठ वडगावकडची वर्षाराणी नावाची चोवीस वर्षांची बाई सकाळी बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, मुलगी चांगली होती. आईचं रक्त थांबत नव्हतं. तिचा रक्तगट ओ आहे असं सगळे समजत होते, पण एकही ओची बाटली तिच्या रक्ताशी जुळेना. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं तेव्हा कळलं, की तिचा गट फार दुर्मीळ, बॉम्बे गट म्हणतात तो आहे. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो. त्याला त्याच गटाचं रक्त लागतं, दुसरं कुठलंच चालत नाही. दवाखान्यानं तिच्या भावाला चिठ्ठी देऊन मंडळाकडं पाठवलं होतं.

आण्णांना त्या गटाची दोन माणसं तोंडपाठ होती. एक आखातात नोकरीला गेलेला, दुसऱ्यानं पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं. "अजून एकदोन हायत," आण्णा म्हणाले, "कागलकडचा एक हाय. मला नाव आठवंना. कॉम्प्युटरात हाय." कॉम्प्युटर आल्यापासून आण्णांनी पाठ करणं सोडून दिलं होतं. कागलचे फॉर्म नावं भरून झाल्यावर पोत्यात बांधून माळ्यावर टाकले होते.

श्रुतीनं शोध लावला. पडदा अडकला. तिनं बंद करून चालू केला, पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा तिनं घाबरून सरळ पिन काढली.

बुद्धभूषण स्कूटरवरून सव्वाला पोचला. खोलीत वर्षाराणीचा भाऊ उभा होता. आकाराम त्याचं नाव. तिशीचा, शेतातून तसाच आलेला, पायांना चिखल. खुर्ची दिली तरी बसला नाही. बुद्धभूषण कॉम्प्युटरसमोर बसला आणि आकाराम त्याच्या मागं येऊन उभा राहिला.

पिन काढल्यामुळं कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करत बसला. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. ती पुरी व्हायला चाळीस मिनिटं लागली. मग कळलं की हातकणंगल्याच्या फाईलची सूची तुटली आहे. फाईलला जोडून एक सूची असते, पुस्तकाच्या मागं असते तशी. ती तुटली की शोध लागत नाही. बुद्धभूषणनं ती नव्यानं बांधायला घेतली. मग वाटलं, दुसऱ्याही तुटल्या असतील, त्याही बांधल्या. शोध लावला. सहा तालुके उघडले आणि पडदा अडकला.

मागून आकाराम म्हणाला, "पावणं, काय म्हणतंय ते?"

"बघतोय. फाईल खराब झालीय."

"नावं आत हायती न्हवं?"

"आहेत."

"मग भाईर का येईनात?"

बुद्धभूषणची बोटं कीबोर्डवरच होती. त्याला वाटत होतं, ही सातवी फाईलच बिघडली आहे. ती दुरुस्त झाली पाहिजे. तो दुरुस्तीला लागला. मानेवर कुणाचा तरी श्वास लागत होता. श्वासाला ओल्या मातीचा वास होता. आण्णांनी माळ्यावरून पोतं खाली ओढलं आणि जमिनीवर बसून कागद उलटायला सुरुवात केली. श्रुतीही त्यांच्याबरोबर बसली. मधे एकदा दवाखान्यातून फोन आला. आण्णा म्हणाले, "बघतोय, बघतोय."

पावणेचारच्या सुमाराला बुद्धभूषणच्या डोक्यात आलं, की शोधाचा प्रोग्रॅम बाजूला ठेवून कागलची फाईल हातानं, एकटीच उघडून बघावी. त्यानं उघडली. ती लगेच उघडली. तिला काहीही झालं नव्हतं. गट टाकला, आणि एक नाव आलं. पिराजी, बिद्री, कारखान्यात फिटर, वय अडतीस.

दोन मिनिटांचं काम होतं ते.

आण्णांनी बिद्रीला कारखान्यात फोन लावला. लाईन मिळायला पंधरा मिनिटं गेली. कारखान्यातला माणूस म्हणाला, पिराजीची पाळी सकाळची होती, तो सुटून घरी गेला असेल, निरोप पाठवतो. निरोप गेला की नाही ते कळायच्या आत, साडेचारला, दवाखान्यातून पुन्हा फोन आला. आण्णांनी तो ऐकला, आणि रिसीव्हर ठेवायचा सोडून हातातच धरून बसले.

आकारामनं ते बघितलं. जिन्यावरून त्याची पावलं खाली गेली. दारात चिखलाचे वाळलेले ठसे राहिले. श्रुतीनं दुसऱ्या दिवशी ते पुसले.

चूक काय होती ते बुद्धभूषणला शुक्रवारी सापडलं. फौंड्रीतून रजा काढून तो एकटाच त्या खोलीत बसला होता. कॉम्प्युटर एका वेळी किती फायली उघड्या ठेवू शकतो, ह्याचा एक आकडा आतल्या एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेला असतो. तिथं वीस होतं. काही जागा मशीन स्वतःसाठी घेतं, काही प्रोग्रॅम घेतो. उरल्या बारा. एका तालुक्याच्या दोन फायली, एक नावांची, एक सूचीची. सहा तालुक्यांत बारा संपायच्या. सातव्याला जागाच नव्हती. विसाचे साठ केले की संपलं.

पण तेवढ्यानं मशीन अडकायचं कारण नव्हतं. जागा नसेल तर सॉफ्टवेअर पडद्यावर तसं सांगतं. 'फायली फार झाल्या' असं इंग्रजीत लिहून येतं, शेंबडं पोरसुद्धा समजेल असं. ते का आलं नाही हे शोधत तो स्वतःच लिहिलेला प्रोग्रॅम वरून खाली वाचत गेला आणि चौथ्या ओळीवर थांबला.

ती ओळ त्यानं तीन वर्षांपूर्वी लिहिली होती. आण्णा तेव्हा नवीन होते. फ्लॉपी नीट बसली नाही तरी पडद्यावर इंग्रजी तक्रार यायची आणि आण्णा हात मागं घ्यायचे. "अरं, हे ओरडतंय माझ्यावर," म्हणायचे, "माझ्या हातनं काय मोडलं का?" म्हणून बुद्धभूषणनं प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, की काहीही चुकलं तरी बोलायचं नाही, गप पुन्हा प्रयत्न करायचा. त्या ओळीनं आण्णा खूश झाले होते. आणि त्या ओळीमुळं एकवीस जुलैला मशीन सातव्या फाईलच्या दारात उभं राहून मुकाट्यानं कडी वाजवत होतं. दार उघडत नव्हतं, मशीन पुन्हा वाजवत होतं, सेकंदाला शेकडो वेळा, दुपारभर. ते अडकलेलं नव्हतंच. त्याचं तोंड बांधलेलं होतं, आणि बांधणारा त्याच्यासमोरच बसला होता.

त्यानं आकडा बदलला, ओळ काढून टाकली. दहा मिनिटं लागली. शोध लावला तर साती तालुके सरसर उघडले.

"काय झालतं रं?" आण्णांनी संध्याकाळी विचारलं.

"मशीन जुनं आहे," बुद्धभूषण म्हणाला.

त्यानंतर त्याच्यात जो बदल झाला तो पहिल्यांदा सोनमच्या लक्षात आला. तो जेवताना मधेच मागं वळून बघायचा. "कोण हाय?" तिनं विचारलं तर म्हणायचा, "कुठं काय." फौंड्रीत पडद्यावरचा बाण जरा थबकला की त्याच्या मानेवर गरम श्वास यायचा आणि ओल्या मातीचा वास यायचा. वळून बघितलं तर भिंत. मागं भिंत असेल अशीच खुर्ची तो घ्यायला लागला. तरी वास यायचाच. भट्टीच्या खोलीशेजारी, एप्रिलच्या उन्हात, ओल्या मातीचा वास.

गंमत अशी, की त्याच दिवसांत अडकलेले कॉम्प्युटर सोडवणारा म्हणून त्याचं नाव झालं. दूध संघ, शाळा, पतपेढ्या, कुठंही दोनचार फायली उघडल्या आणि मशीन अडकलं की बुद्धभूषणला बोलावणं. तो आधी एकच विचारायचा, "हे गप का आहे?" लोकांना वाटायचं, हा माणूस यंत्राशी बोलतो. तो प्रत्येक ठिकाणी तसली मुकी ओळ शोधायचा. तीनचार ठिकाणी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली सापडलीसुद्धा. सापडली की त्याला बरं वाटायचं नाही. उलट घरी येऊन तो न जेवता झोपायचा.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी तो बिद्रीला गेला. पिराजीचा पत्ता बरोबर आहे का ते बघायचं, असं कारण त्यानं स्वतःला सांगितलं होतं. पिराजी घरीच होता. अंगणात सायकलचं चाक काढून बसला होता. बायको बयाबाईनं चहा टाकला.

"त्या दिवशी निरोप मिळालाता की," पिराजी म्हणाला. "पाचला मिळाला. मी निघालोच हुतो, तंवर दुसरा निरोप आला, येऊ नका म्हणून."

"त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठं होता?" बुद्धभूषणनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला होता. "समजा एकला निरोप आला असता तर?"

"एकला? एकला मी कारखान्यातच की. पाळी दोनला सुटती."

"कुटलं कारखान्यात," आतून बयाबाई म्हणाली. "त्या मंगळवारी तुमी गेलाच न्हाईसा कामावर. ताप हुता तुमास्नी."

"ताप त्याच्या आदल्या आटवड्यात."

"न्हाय वो. मी काढा केलता. त्यो निरोप्या आला तवा तुमी वाकाळ घिऊन पडलासा. अंगात ताप असताना निघाला म्हणून मी भांडले न्हवं का?"

"ते एगळं. ते रक्त द्यायला गडहिंग्लजला निघालो तवाचं."

दोघं बराच वेळ भांडत राहिली. बुद्धभूषण कपबशी हातात धरून एकदा ह्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. ताप असता तर पिराजीचं रक्त घेतलंच नसतं. मग चार तासांनी काही फरक पडला नसता. ताप नसता तर पडला असता. कारखान्यातला हजेरीपट बघितला तर एका मिनिटात कळलं असतं. बिद्रीहून परत येताना तो कारखान्याच्या फाटकासमोर स्कूटर थांबवून पाऊण तास उभा राहिला. रखवालदारानं दोनदा विचारलं, "कुणाकडं आलाय?" मग त्यानं स्कूटर चालू केली. आत गेला नाही. पुढंही कधी गेला नाही.

मंडळाचं काम मात्र त्यानं सोडलं नाही. बाराही तालुके भरून झाले. कॉम्प्युटर नवा आला, प्रोग्रॅम त्यानं पुन्हा लिहिला. दर महिन्याला नावांची यादी छापून तो आण्णांच्या खिशात घालायचा. श्रुती लग्न होऊन सांगलीला गेली, मग नावं भरण्याचं कामही तोच करू लागला.

२००४ च्या जानेवारीत पेठ वडगावला शिबिर झालं. तिथले फॉर्म आले तेव्हा तो नेहमीसारखा भरायला बसला. शंभरेक झाले असतील. पुढचा फॉर्म हातात घेतला आणि त्यावरचं नाव वाचलं. आकाराम. गाव तेच. वय छत्तीस. रक्तगटाच्या रकान्यात आधी ओ लिहून खोडलं होतं आणि शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात बॉम्बे लिहिलं होतं.

त्यानं फॉर्म खाली ठेवला. खिडकीतून खालच्या दुकानातल्या मिरच्यांचा खाट येत होता. थोड्या वेळानं त्यानं तो पुन्हा वाचला.

बहिणीचा गट भावातही असू शकतो, हे त्याला पुस्तकातून माहीत झालं होतं. चार भावंडांत एकाला, असा हिशोब असतो. साध्या तपासणीत आकाराम ओ निघाला असणार, आणि ओ चालत नाही म्हणून दवाखान्यानं त्याला चिठ्ठी देऊन शोधायला पाठवलं असणार. म्हणजे त्या दुपारी सव्वा ते साडेचार, ज्या रक्तासाठी जिल्हा धुंडाळायचा होता ते रक्त त्याच खोलीत, त्याच्या खुर्चीमागं, हातभर अंतरावर उभं होतं.

बुद्धभूषणनं ते नाव कॉम्प्युटरमध्ये भरलं नाही. फॉर्म घडी करून खिशात घातला. तीन आठवडे तो खिशात घेऊन हिंडला. हे आकारामला माहीत आहे का? नसेल तर सांगायचं का? आणि ते सांगायचं तर ओळीचंही सांगावं लागेल. अखेर सोनमनं एकदा शर्ट धुवायला घेताना तो कागद काढला आणि वाचला. तिला सगळं माहीत होतं असं नाही, पण जेवढं माहीत होतं तेवढं पुरेसं होतं. ती म्हणाली, "जाऊन या. साडेपाच वर्सं झाली, ह्या घरात आपण तिघं ऱ्हातोय."

आकाराम शेतात सापडला. मळ्याच्या कडेला बसून तो पाटाचं पाणी वळवत होता. त्यानं बुद्धभूषणला ओळखलं. "या पावणं, बसा की," म्हणाला. बुद्धभूषण बांधावर बसला आणि त्यानं इकडचं तिकडचं न करता सगळं सांगितलं. तिसऱ्या रविवारची झोप, विसाचा आकडा, चौथी ओळ, दोन मिनिटांत एकटी उघडलेली फाईल. आकाराम पाण्याकडं बघत ऐकत होता. एकदा उठून त्यानं खोऱ्यानं पाटाचं एक दार बांधलं, दुसरं फोडलं आणि परत येऊन बसला.

"म्हंजे मशीन बिघाडलं न्हवतंच," तो म्हणाला.

"नव्हतं."

"मी मशीनला शिव्या देत आलोय. इतकी वर्सं. मशीन म्हंजे काय, त्येला आई ना बाप, शिव्या दिल्या तर कुणाला लागत न्हाईत. बरं हुतं." तो थांबला. "आता तुमी म्हणताय त्यो माणूस हुता. आन् त्यो हितं माज्या बांधावर यून बसलाय. तुमास्नी शिव्या दिऊ का काय करू?"

"द्या."

आकारामनं दिल्या नाहीत. मग म्हणाला, "माजा कागद बघितलासा तुमी?"

"बघितला."

"म्हणून आलासा."

"होय."

"मला दोन वर्सं झाली कळून. भाचीला ताप आलता, तवा तिला तपासली आन् तिच्या आईचा गट ऐकून डाक्टर म्हणला, मामालाबी तपासू. मी म्हणलो माजा ओ हाय. म्हणला, बघू तर." त्यानं मातीचं ढेकूळ उचलून हातात चुरलं. "त्या दिशी दवाखान्यात मला म्हणले, तुमचा ओ, चालत न्हाय, तुमी पळा लक्ष्मीपुरीला. मी पळालो. तिच्या खाटंपासनं पळालो मी. ती म्हणत हुती, दादा, हितंच थांब."

बुद्धभूषणनं मान खाली घातली.

"तुमच्या मागं मी किती येळ उभा हुतो, ठावं हाय?"

"सव्वातीन तास."

"तुमी मोजलाय?"

"रोज मोजतो."

आकारामनं त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. बघण्यात माया नव्हती, रागही नव्हता. दोन माणसं एकाच विहिरीत पडली, आणि आत उजेड नसल्यामुळं एकमेकांना इतके दिवस दिसलीच नाहीत, असं काहीतरी बुद्धभूषणला वाटलं. पाणी मळ्याच्या टोकाला पोचलं होतं, ते ओसंडायला लागलं, तरी आकाराम उठला नाही.

"माफ केलं असं मी म्हणणार न्हाय," तो म्हणाला. "मला ते येत न्हाय. माजं मलाच केल्यालं न्हाय."

"मी मागायला आलो नव्हतो."

"मग कशाला आलासा?"

"तुमचं नाव भरू का, ते विचारायला."

आकाराम विचारात पडला. "भरा," म्हणाला. "तुमच्या त्या मशीनमदी भरा. पर एक करा. माज्यासारकी किती आसतील, ज्येंच्या भावाभणीला हा गट हाय आन् त्येंना सोताला ठावं न्हाय? त्येंची नावं काडा."

ती गोष्ट इतक्या वर्षांत बुद्धभूषणच्या डोक्यात आली नव्हती. त्यानं परत जाऊन प्रोग्रॅममध्ये भावंडांचा एक नवा रकाना घातला. तेव्हा जिल्ह्यातून त्या गटाची सात नावं जमली होती. त्यांची भावंडं मोजली तर बावीस भरली. कुणी तपासलेलं नव्हतं. मंडळातल्या डॉक्टरांनी तपासून द्यायचं कबूल केलं, पण माणसांना समजावून शहरापर्यंत आणणार कोण? आण्णा आता थकले होते. बुद्धभूषण एकटा गावोगाव गेला तर लोक म्हणायचे, "आमाला काय झालंय म्हणून रक्त तपासताय?" आणि दार लावून घ्यायचे.

पावसाळ्यानंतर एका रविवारी आकाराम न सांगता लक्ष्मीपुरीच्या खोलीत आला. यादी मागितली. वाचता येत होतं तेवढं बोट ठेवून वाचलं. "राधानगरीकडं दोगी हायत म्हणताय न्हवं? चला," म्हणाला.

तेव्हापासून दोघं महिन्यातून एकदा जात. बुद्धभूषण स्कूटर चालवायचा आणि आकाराम मागं बसायचा. वाटेत फारसं बोलणं नसायचं. मैत्री झाली असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नसतं. दिवाळीला एकमेकांकडं जाणं नव्हतं. आकारामच्या घरी बुद्धभूषण एकदाच गेला, तेव्हा परकर-पोलक्यातली सहा वर्षांची एक मुलगी पाणी घेऊन आली. त्याला तांब्या धरता येईना. आकारामनं तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतः पुढं केला.

२००७ साली राधानगरीच्या अलीकडं एका वाडीत चिमणाबाई नावाच्या बाईकडं ते तिसऱ्यांदा गेले. तिची थोरली बहीण त्या गटाची होती. आधी दोनदा तिनं उभं केलं नव्हतं. ह्या वेळी ती गोठ्यात धार काढत होती.

"तुमी परत आलासा व्हय," ती म्हणाली. "मला काय धाड भरलीया? धाकटीचं लगीन काडलंय, रगतात काय निगालं म्हणून बातमी फुटली तर?"

बुद्धभूषणनं नेहमीसारखं समजावायला सुरुवात केली. हा आजार नव्हे, हा फक्त गट आहे. ती ऐकत नव्हती. आकाराम गोठ्याच्या दाराशी टेकून उभा होता. तो मधेच म्हणाला, "आक्का, माजी भण बाळतपणात गेली. तिचं रगत माज्या अंगात हुतं, आन् मी ते घिऊन सव्वातीन तास दुसऱ्याच्या खुर्चीमागं उभा ऱ्हायलो. मला कुणी सांगितलं न्हाय. ह्यो तुमाला सांगाय आलाय."

चिमणाबाईचा हात थांबला. म्हशीनं शेपूट झाडली. चरवी बाजूला सरकवून ती उठली, पदराला हात पुसले आणि विचारलं, "सुई लई दुकती का?"

"मुंगी चावल्यागत," आकाराम म्हणाला.

तिनं हात पुढं केला. बुद्धभूषणनं पिशवीतून कापूस काढला आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा बोटातला थेंब काचेवर घेऊन तिथंच तपासला.

तिचा गट निघाला साधा ओ. यादीत तिच्या नावासमोर त्यानं तसं लिहिलं. मग दोघं पुढच्या वाडीला निघाले. अजून तीन नावं राहिली होती.